आम्ही आपल्या ऋणातच राहू

आभारप्रदर्शन हा आपल्याकडे कार्यक्रमाचा शेवटचा भाग. म्हणजे श्रोते चपला शोधू लागतात तेव्हाचा. त्यात कार्यक्रम सर्वधर्मीय असला की आभार मानणाऱ्याची भलतीच पंचाईत! महाराज, मौलवीसाहेब, भन्तेजी, फादर असे सगळे ओळीने घ्यावे लागतात; एक सुटला तर एकात्मता धोक्यात. शेवटी तो घाम पुसत म्हणतो, ‘आम्ही आपल्या ऋणातच राहू इच्छितो!’

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या पोटात इथे गोळा येतो. ऋणात राहू इच्छिणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत हो. त्यांच्याकडे नोटिसा घेऊन मीच जातो.

मला प्रश्न पडतो तो असा: वेगळ्या धर्माच्या माणसाचे आभार मानायचे ते तो वेगळा आहे म्हणून, की उपयोगी पडतो म्हणून?

लोणारात सरोवराकाठी कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, असं सांगतात. गोडवा कोणाकडे लावायचा, हे ज्याने-त्याने घरात कोण ऐकतंय ते बघून ठरवावं. पण खारेपणाला नावं ठेवू नयेत. 2020 साली हे खारं सरोवर गुलाबी झालं, त्याच वर्षी रामसर यादीत गेलं. गोड असतं तर गावतळं म्हणून राहिलं असतं!

आता आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातलं पिंपळगाव सराई घ्या. तिथे सैलानीबाबांचा दर्गा आहे, आणि यात्रेत पेटते ती होळी, तीही नारळांची! हिंदू-मुसलमान सगळे अंगावरून नारळ उतरवून तिच्यात टाकतात. दर्गा आणि होळी एकत्र कशी, हे समजावून सांगायला वक्ता नसतो. विविधता साजरी करायला कोणी येतच नाही. कोणाची मुलगी आजारी, कोणाच्या डोक्यावर कर्ज. शेजारी कोण उभा आहे हे बघायला सवड कोणाला?

मग मेळावे बंद करावेत का? मला नाही तसं वाटत. गरज हा फार कच्चा जामीनदार आहे. कर्ज मंजूर होईपर्यंत रोज नमस्कार घालणारा माणूस नंतर रस्ता ओलांडून पलीकडून जातो. मेळाव्यात मात्र कोणाचं कोणाशी काही काम नसतं. दोन तास भाषणं ऐकायची, गार चहा प्यायचा आणि घरी जायचं. म्हणजे खातं चालू राहतं. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बँक खातं निष्क्रिय ठरवते. पैसे बुडत नाहीत. पण नव्याने ओळख पटवावी लागते. आणि शेजाऱ्याला ओळख पटवायची पाळी नेमकी येते ती गावात अफवा उठलेली असते त्या रात्री.

भाषणांना दुसरा उपाय आहे, तो बायकांकडे. शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. ईदला शिरखुर्मा घेऊन आलेला डबा आमच्याकडे अजून आहे. मी म्हटलं, ‘अगं, देऊन टाक की.’

‘दिवाळीत चकल्या घालून देईन,’ ही म्हणाली. ‘भाभींनी काय नोटीस पाठवलीय?’