दप्तरी दाखल झालेले सूर

एखादे गाणे गायिले गेले, फितीवर उतरले, वादकांची बिदागीही चुकती झाली, आणि तरीही ते कोणाच्या कानी न पडता तीस-चाळीस वर्षे गोदामाच्या फळीवर पडून राहिले, तर त्या गाण्याविषयीचा निकाल नेमका कोणी दिला, हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सोल संगीत, आणि सत्तरच्या दशकात जॅझशी त्याची सोयरीक जुळून जन्माला आलेले जॅझ-फंक, यांतील अशा अप्रकाशित मुद्रणांचा माग काढून ती व्हिनाइलच्या तबकड्यांवर छापण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच गेल्या पाव शतकात उभा राहिला आहे; आणि त्याची वाखाणणी करणारे बहुतेक जण गुप्तधन सापडल्याच्या भाषेत बोलतात. ही भाषा मला फसवी वाटते. गुप्तधन पुरणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक असते. ही गाणी कोणी जपण्यासाठी पुरली नव्हती. एखाद्या गरजूचा अर्ज शेरा मारून दप्तरी दाखल व्हावा, तशी ती दाखल झाली होती.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत हा शेरा मारण्याची रीतसर व्यवस्था होती. १९५९ साली घरच्या सामायिक निधीतून आठशे डॉलर कर्जाऊ घेऊन बेरी गॉर्डीने ही कंपनी काढली. त्यापूर्वी त्याने मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केले होते, आणि पट्ट्यावरून सरकणाऱ्या मोटारीप्रमाणे गाण्याचीही शेवटी तपासणी झाली पाहिजे, हा धडा त्याने तेथूनच घेतला. दर शुक्रवारी बैठक भरे, आठवड्यातील मुद्रणे वाजविली जात, आणि खिशात अखेरचा डॉलर उरला असेल तर तुम्ही ही तबकडी घ्याल की खायला सँडविच घ्याल, असा प्रश्न उपस्थितांना केला जाई. प्रश्न मार्मिक होता यात शंका नाही. पण भुकेल्या माणसाच्या निवडीवर कलेचे मोल ठरविणारे न्यायासन किती अचूक निवाडा देणार, हेही उघड आहे. ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ हे गाणे मार्विन गेने १९६७ च्या आरंभी गायिले; बैठकीने ते नापसंत केले, आणि तेच गाणे ग्लॅडिस नाइटच्या आवाजात त्या वर्षी बाजारात आले. गेचे मुद्रण पुढल्या वर्षी एका संग्रहात भर म्हणून घालण्यात आले, रेडिओवरील निवेदकांनी ते आपण होऊन उचलले, मग कंपनीला ते स्वतंत्र तबकडी म्हणून काढणे भाग पडले, आणि ते अमेरिकेच्या यादीत सलग सात आठवडे अग्रस्थानी राहिले. नाकारलेले गाणे योगायोगाने अपिलात गेले आणि जिंकले. ज्यांना निवेदक भेटले नाहीत अशा गाण्यांची गणती कोणी ठेवली असेल असे वाटत नाही.

एवढ्यावरून प्रत्येक अप्रकाशित मुद्रण हे अन्यायाचेच बळी होते असा निष्कर्ष काढणारे रसिक भाबडे आहेत, असे मी म्हणेन. त्याच मार्विन गेची १९७२ मधील कथा पाहा. निवडणुकीच्या वर्षात त्याने ‘यू आर द मॅन’ हे राजकीय आशयाचे गाणे काढले. गोऱ्या श्रोत्यांच्या बाजारात त्याला अपेक्षित उठाव मिळाला नाही, आणि त्याच नावाचा नियोजित संग्रह रद्द झाला. २०१९ साली, गेच्या मृत्यूला पस्तीस वर्षे होत असताना, त्या नावाची दुहेरी तबकडी बाजारात आली; पण तीत त्या काळातील निरनिराळ्या प्रसंगांची मुद्रणे एकत्र केलेली आहेत, आणि त्यांतील तीन गाण्यांवर आजच्या एका निर्मात्याने नव्याने हात फिरविला आहे. गाणी ऐकण्याजोगी आहेत, काही तर अप्रतिम आहेत. परंतु जो संग्रह गायकाने कधी पुरा केलाच नाही तो ‘हरवलेला संग्रह’ म्हणून विकणे म्हणजे मयताच्या नावावर नवा दस्तऐवज नोंदविण्यासारखे आहे. कागद अस्सल, सही मात्र दुसऱ्याची.

ही दप्तरे उघडण्यामागे नेहमी प्रेमच असते असेही नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत पन्नासावरून सत्तर वर्षांवर नेली, पण ती अशा बेताने की पन्नास वर्षांच्या आत जे प्रकाशितच झाले नाही त्याला या वाढीव मुदतीचा लाभ मिळू नये. परिणाम असा झाला की जी मुद्रणे अर्धे शतक कोणाला आठवली नव्हती ती मुदतबाह्य होण्याच्या भीतीने कंपन्यांना एकाएकी आठवू लागली, आणि मोटाउनच्याही १९६२ पासूनच्या अप्रकाशित गाण्यांचे संच वर्षामागून वर्षे, तबकडी न काढता केवळ संगणकीय स्वरूपात, घाईघाईने प्रसिद्ध झाले. वहिवाट दाखविल्याखेरीज जमीन जाते हे ज्या कुळांनी पाहिले आहे त्यांना या घाईचे नवल वाटणार नाही.

खरी श्रमाची शोधयात्रा मोठ्या कंपन्यांच्या दारांपासून दूर झाली. शिकागोत २००३ साली स्थापन झालेल्या न्यूमेरो ग्रुपने आपल्या मालिकेचा आरंभ ओहायोमधील कोलंबस गावच्या कॅपसोल या अल्पजीवी कंपनीपासून केला. पुढे क्लीव्हलँडमध्ये थॉमस आणि लुईझ बॉडी या दांपत्याने चालविलेल्या ध्वनिमुद्रणालयाचा अख्खा संसार २०११ मध्ये एका पेटीत भरून लोकांपुढे ठेवला. या संशोधनाला संगीताच्या कानापेक्षा तलाठ्याची चिकाटी अधिक लागते: जुन्या टेलिफोनच्या वह्या, चर्चची मंडळी, मृत्युनोंदी, आणि घटस्फोटित पत्नीच्या तळघरातील खोकी यांच्यावाटे माणूस गाठायचा, हक्क कोणाचा ते ठरवायचे, मग करार करायचा. समोरचा माणूस आधी एकदा फसलेला असल्याने बहुधा संशयी असतो, आणि त्याचा संशय रास्तही असतो. सिल जॉन्सन हा शिकागोचा गायक गाणे मागे टाकून तळलेल्या माशांची उपाहारगृहे चालवू लागला होता. तेवढ्यात त्याच्या १९६७ च्या एका गाण्यातील हुंकार कापून घेऊन हिप-हॉपवाल्यांनी आपल्या गाण्यांत जागोजाग बसविले, आणि उरलेली वर्षे त्याने त्यांच्याकडून थकबाकी वसूल करण्यात घालविली. न्यूमेरोने २०१० मध्ये त्याचे जुने काम संगतवार एका संचात आणले तेव्हा त्याचे गाणे ऐकण्याचीही सोय झाली; तोवर लोक त्याचे फक्त तुकडे ऐकत होते.

जॅझ-फंककडे वळले की अडचण निराळी दिसते: तेथे उणीव नसून अतिरेक आहे. व्हायब्राफोनवादक रॉय आयर्स, जो २०२५ च्या मार्चमध्ये निवर्तला, त्याने सत्तरच्या दशकात इतके ध्वनिमुद्रित करून ठेवले की प्रसिद्ध झालेले संग्रह हा त्याचा एक भागच म्हणावा लागेल; १९७६ ते १९८१ या काळातील शिल्लक मुद्रणांतून २००४ साली ‘व्हर्जिन युबिक्विटी’ निघाला आणि लगेच दुसरा खंडही निघाला. हे काम नाकारलेले नव्हते, केवळ मावले नव्हते. ते ऐकताना माझ्या ध्यानात येते ते हे की प्रकाशित संग्रहात जी सफाई असते तिच्या जागी येथे एक सैलसर, स्वतःशीच रमलेली लय आहे, आणि पुष्कळदा ती अधिक सुखावते. अशा फितींची प्रकृतीही नाजूक असते. त्या काळच्या अनेक फितींवरील चुंबकीय थर धरून ठेवणारे द्रव्य हवेतील दमटपणा शोषून चिकट होते, आणि फीत यंत्रावर चढविताच थर खरवडून निघतो. म्हणून तिला सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत कित्येक तास भाजून घ्यावे लागते, आणि त्यानंतरच्या थोड्या अवधीत तिची नक्कल उतरवावी लागते. १ जून २००८ रोजी हॉलिवुडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ फितींचे एक भांडारच जळाले, आणि त्या हानीची चर्चा जगात सुरू व्हायला २०१९ साल उजाडले.

आता पैशाविषयी, कारण तेथेच या व्यवसायाची परीक्षा आहे. फ्रँक विल्सनने १९६५ साली मोटाउनसाठी ‘डू आय लव्ह यू’ गायिले. सुमारे अडीचशे नमुना-प्रती निघाल्या, आणि विल्सनने गायक होण्यापेक्षा निर्माता राहणे पसंत केल्यावर त्या नष्ट करण्यात आल्या, असे सांगतात. वाचलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये इंग्लंडात २५,७४२ पौंडांना विकली गेली. त्या रकमेतील एक पैसाही गायकाला मिळण्याची कायद्यात तरतूद नाही, कारण हातोहात फिरणाऱ्या तबकडीवर गाणाऱ्याचा हक्क उरत नाही. नव्याने छापलेल्या तबकडीवर मात्र तो उरतो. पुनर्मुद्रणाचे नैतिक समर्थन मला दिसते ते एवढेच, आणि तेही करार प्रामाणिक असेल तर. २०२२ साली अमेरिकेत व्हिनाइल तबकड्यांचा खप, १९८७ नंतर प्रथमच, नगांच्या हिशेबात सीडीच्या पुढे गेला. तेव्हा येथे वाटण्याजोगे काही नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही.

आणखी एक पक्ष मांडल्याखेरीज हा खटला पुरा होत नाही: स्वतः नकार देणाऱ्या कलावंताचा. गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर आकाशवाणीपासून कटाक्षाने दूर राहिल्या आणि ध्वनिमुद्रणाविषयीही त्या फार चोखंदळ होत्या. त्यांच्या मैफलींची खासगी मुद्रणे पुढे रसिकांत फिरली, आणि ती ऐकून धन्य होणाऱ्यांपैकी मीही एक आहे, पण त्या धन्यतेला त्यांची संमती होती असा दावा मी करणार नाही. कंपनीने दाबलेले गाणे आणि गायिकेने न दिलेले गाणे यांना एकाच कायद्याने तोलता येत नाही. पहिल्याची फेरतपासणी अवश्य व्हावी; दुसऱ्याच्या बाबतीत वारसांची सही पुरेशी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, मग रसिकांचे कितीही नुकसान होवो.

तेव्हा ज्या वाचकाला अशी एखादी महागडी तबकडी घ्यावीशी वाटेल त्याने सुई टेकविण्याआधी वेष्टनाची मागील बाजू वाचावी: मुद्रण कोठून मिळाले, कोणाच्या अनुमतीने निघाले, आणि गायक किंवा त्याची मुले यांचे नाव आभारात आहे की करारात. उत्तर छापलेले नसेल तर विक्रेत्याला विचारावे, आणि त्यालाही ते ठाऊक नसेल तर तबकडी परत फळीवर ठेवावी.