परोपकाराचा पेला

पब क्रॉल म्हणजे एका संध्याकाळी एका मद्यगृहातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पीत जाणे. त्याची शर्यत केली, वर्गणी लावली आणि जमलेला पैसा अनाथांना वा रुग्णांना द्यायचे ठरवले, की त्याच गोष्टीला परोपकार म्हणतात. इंग्लंडमधील लीड्स शहरातली ‘ऑटली रन’ प्रसिद्ध आहे. सोंगे घेतलेले तरुण हेडिंग्लेकडून शहराच्या मध्याकडे येताना वाटेवरची मद्यगृहे पालथी घालतात, आणि त्यांतले कित्येक जण एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी पैसे गोळा करीत असतात. १९३८ साली क्वालालंपूरमध्ये इंग्रजांनी सुरू केलेली ‘हॅश हाउस हॅरियर्स’ ही धावणाऱ्या-पिणाऱ्यांची मंडळी तर मुंबई-गोव्यापर्यंत पोचली आहे.

आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुणे, दुबई, लंडन गाठतात. सहकाऱ्यांकडून असे आमंत्रण त्यांना आले, तर जावे की न जावे?

मद्य मुळातच पाप, असे आपण मानत नाही. काना गावच्या लग्नाचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. बेल्जियममधील वेस्टव्हलेटरेनच्या ट्रॅपिस्ट मठाने २०११ साली मठाच्या बांधकामासाठी बिअरच्या पेट्या विकल्या. त्याच ख्रिस्तसभेतील फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ पासून आयर्लंडमध्ये लाखो लोकांना दारू सोडण्याची शपथ दिली होती. तेव्हा ‘पिणे वाईट, सबब शर्यत वाईट’ एवढ्यावर आमचे भागत नाही.

मग दान घेणाऱ्याच्या दाराशी जाऊन पाहू. समजा, अशा शर्यतीचा पैसा परभणी जिल्ह्यातील पालमला आला. गंगाखेडहून लोह्याकडे जाताना लागणारे हे तालुक्याचे गाव. सोयाबीन, कापूस, तूर यांवर जगणारे. तेथील एखाद्या बाईच्या मुलीची वसतिगृहाची फी त्या पैशातून भरली गेली. या बाईच्या नवऱ्याला दारूने नेले आहे, असेही समजा. गावातले दुकान बंद व्हावे म्हणून ती आडव्या बाटलीवर शिक्का मारायला रांगेत उभी राहणारी आहे. निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी तसा शिक्का मारला, तर आपल्या राज्यात दुकान बंद होते. आता निधीच्या पावतीसोबत शर्यतीचे छायाचित्र तिला पाठवायचे का? आयोजक म्हणतील, तिला कळायची गरज काय? आमची अडचण नेमकी येथे आहे. ज्याच्यासाठी दान गोळा केले, त्याच्यापासूनच ते कसे गोळा झाले हे लपवावेसे वाटते.

तिने तो पैसा नाकारावा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मुलगी शिकली पाहिजे. शुद्ध पैशाची वाट पाहा, असे सांगणाऱ्यांच्या घरी बहुधा फी थकलेली नसते. राज्याची तिजोरीही मद्यावरील कराने भरते, आणि जून २०२५ मध्ये तो कर वाढवताना सरकारने उत्पन्नाचाच हिशेब मांडला होता. आपल्याच धर्मग्रामांतील हाउजीचे काय, असेही कोणी विचारील. योग्य प्रश्न आहे. पण हाउजीत पाचवे तिकीट घेतल्याने पाय लटपटत नाहीत.

ओझे आहे ते देणाऱ्यावर. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये तळीराम ‘आर्य मदिरा मंडळ’ स्थापन करतो, तेव्हा प्रेक्षक हसतात. दारूला एकटेपणा सोसत नाही हे गडकऱ्यांनी ओळखले होते. तिला मंडळ लागते, नियम लागतात, भारदस्त नाव लागते. या शर्यतीत ते नाव परोपकाराचे. एरवी ‘मला पुरे’ म्हणणे सोपे असते. येथे चौथा पेला नाकारणारा जणू अनाथाच्या तोंडचा घास नाकारतो. ज्याने गेल्याच वर्षी मोठ्या कष्टाने दारू सोडली, त्याला मित्र म्हणतात, “अरे, चांगल्या कामासाठी आहे!” त्याला परत त्या वाटेवर ओढणारे हे वाक्य वाईट हेतूने उच्चारलेले नसते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे फार कठीण जाते.

तरीही मुलांना सरसकट ‘जाऊ नका’ म्हणण्यास आमचा हात धजत नाही. मैत्री, पळणे, सोंगे, हसणे यांत गैर काही नाही. वर्गणी पूर्ण भरावी, तिच्यातील किती रक्कम संस्थेला आणि किती मद्यगृहाला जाते हे विचारावे, आणि लिंबू-सोडा मागवावा. त्या पेल्यावरही मुक्काम पूर्ण झाल्याची खूण करायला आयोजक तयार आहेत का, हे मात्र नाव नोंदवण्याआधी विचारून घ्यावे.