पूर्ण एक मिनिट

या मननाला डोळे उघडेच ठेवायचे आहेत. पाठ टेकून बसा. ध्यानाला बसल्यावर आपण आपल्याच श्वासाकडे बघतो. आज दुसऱ्याच्या श्वासाकडे बघू.

मनात एक बाळ आणा. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात वॉर्मरखाली ठेवलेलं, 32 आठवड्यांतच जन्मलेलं, दीड किलोचं. पायाला ऑक्सिजन मोजणारी पट्टी, तोंडातून पोटात गेलेली बारीक नळी. या सगळ्यावरून नजर सावकाश उचला आणि त्याच्या पोटावर ठेवा. इतकी लहान बाळं पोटानेच श्वास घेतात. पोट वर आलं, खाली गेलं. एक.

मोजत राहा. श्वास भरभर येतील आणि मध्येच पोट स्थिर होईल. तुमचाही श्वास अडकेल. पाच-दहा सेकंदांचा असा खंड अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये नेहमी दिसतो. तो 20 सेकंदांच्या पुढे गेला, किंवा त्याआधीच बाळ निळसर पडलं, तर सिस्टर त्याच्या तळव्याला किंवा पाठीला हलकेच चोळते आणि बाळ पुन्हा श्वास घेऊ लागतं का ते बघते. हे असं थांबत-धावत चालतं, म्हणून पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर आकडा फसवतो. मिनिट पूर्णच मोजावं लागतं. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पूर्ण मिनिट.

इथे थांबा. आज दिवसभरात तुम्ही कुणाकडे सलग एक मिनिट, काही न बोलता, काही न मागता बघितलंत का, ते आठवा. घाई नाही.

आता हात. ते आधी नीट धुतलेले, अंगठी-घड्याळ काढलेले. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार असले तर बरं आहे. पोट उबदार आणि पाय गार, तर बाळ गारठ्याशी झुंजतंय. वाढीसाठी लागणारी ताकद ते नुसतं गरम राहण्यात खर्च करतंय. दोन्ही गार असले तर क्षणाचाही उशीर चालत नाही. अंगात ऊब निर्माण करणारी चरबी गर्भातल्या शेवटच्या आठवड्यांत साठते, आणि हे बाळ त्याआधीच बाहेर आलं आहे. आपल्याला सुखाचा वाटणारा पंख्याचा वारा त्याला सोसत नाही.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास बसतो. तोवर नळीतून दूध. सिरिंजचा दट्ट्या काढून सिस्टर ती वर धरून उभी राहते. दूध आपल्या वजनाने उतरतं, ढकलायचं नसतं. त्या धरलेल्या हाताकडे थोडा वेळ बघा. बाजूला दुसरं बाळ रडतंय, फोन वाजतोय, आणि दूध आपल्या गतीनेच उतरतंय. एका सिस्टरकडे आठ-दहा बाळं सोपवली, तर ती हा हात किती वेळ स्थिर धरू शकेल? नवी यंत्रं येतात तेव्हा त्यांचे फोटो छापून येतात. मला वाटतं, आधी सिस्टरांची रिकामी पदं भरावीत.

आता बाळ उचलून आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असं ठेवा. अंगावर फक्त टोपडं, मोजे आणि लंगोट. मान एका बाजूला, नाक मोकळं. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली, कारण काचेच्या पेट्या कमी पडत होत्या आणि बाळं जंतुसंसर्गाने दगावत होती. पुष्कळ वर्षं ती गरिबांची तडजोड मानली गेली. 2021 मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: 1 ते 1.8 किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यावर लगेच असं छातीशी धरलं, तर मृत्यू चौथ्या हिश्श्याने घटले. म्हणजे आईला त्या कक्षातच खाट हवी. तिला भेटीच्या वेळा सांगून दाराबाहेर बसवणं आता कुठल्याच कारणाने पटत नाही. तिच्या छातीच्या वर-खाली होण्याबरोबर बाळाचं पोट वर-खाली होतंय. दोन्ही श्वास वेगळे ओळखता येतात का, बघा.

असं बघणं फक्त रुग्णालयातच होतं असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी मोठे आकडे न मोजता येणाऱ्या बायकांसाठी मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं श्वासमोजणीचं साधन केलं: दहा श्वासांना एक मणी. पुढे तिथल्याच गावांतल्या बायका नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकल्या. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या बंग यांच्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटला होता.

रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. ती आली की टीव्ही बंद करा. बाळ शांत असू द्या, पोटावरचं झबलं वर करा. तिचे ओठ हलत असतात तेव्हा ती मोजत असते. चहाचं नंतर विचारा.