स्वजन कोण?

उजनी धरणाचे पाणी फार ओसरले की पळसदेवचे पुरातन पळसनाथ मंदिर उघडे पडते, आणि सरकारी दप्तरात बुडीत ठरलेल्या त्या गावाच्या दर्शनास माणसे येतात. तेव्हा सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मला हटकून आठवतात. १९३८ साली युद्धपीडित चीनच्या शुश्रूषेसाठी स्वेच्छेने गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी चौघे यथावकाश स्वदेशी परतले, कोटणीसांनी मात्र तेथील भाषा, तेथील गृहस्थाश्रम आणि अखेर १९४२ साली तेथीलच मृत्तिका स्वीकारली. गाव म्हणजे भूमी की ऋणानुबंध? भूमीच म्हणावी, तर पळसदेव जळाखाली गेले तेव्हाच संपायला हवे होते. ते संपले नाही. आणि तिकडे कोटणीसांच्या पुत्राचे नाव भारत व चीन या दोन्ही देशांची चिनी नामाक्षरे गुंफून ठेवले गेले : यिनहुआ.