आक्षीचा दगड आणि न पुसता येणारी वही

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की वाटेत आक्षी लागतं. या गावातला एक कोरीव दगड कितीतरी वर्षं रस्त्याच्या कडेला पडून होता. त्यावर काय लिहिलंय हे येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असायचं. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचं वाचन केलं, त्यावरचा शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा लावला आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत आक्षीची गणना होऊ लागली. शिलाहार राजा केसिदेव याच्या प्रधानाने देवीसाठी धान्य नेमून दिल्याची ही नोंद आहे. वर चंद्रसूर्य कोरलेत. ते आहेत तोवर दान चालावं हा त्याचा अर्थ. आणि जो कोणी ते मोडेल त्याच्यासाठी गद्धेगाळ, म्हणजे गाढवाच्या नावाने दिलेला शाप.

गेल्या पावसाळ्यात भाचा चौलला आमच्याकडे राहायला आला होता. तो आणि त्याचे दोन मित्र डिजिटल मालाचा बाजार उभारत होते. माल म्हणजे फायली: संगणकावर घडवलेल्या त्रिमिती मूर्ती, खेळांत वापरायच्या कमानी आणि बुरूज, देवनागरी अक्षरवळणं. पैसे क्रिप्टोत घ्यायचे आणि मध्ये कोणी ठेवायचा नाही. "मावशी, एकदा ब्लॉकचेनच्या साखळीवर लिहिलं ना, की कोणी पुसू शकत नाही. बँक नाही, सरकार नाही, मी स्वतःसुद्धा नाही." दुसऱ्या दिवशी मी त्याला आक्षीला नेलं. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मग हे धान्य आता कोण देतं?"

हा लेख त्याच्या त्या प्रश्नावर आहे. नोंद टिकवणं हे एक काम आणि नोंदीप्रमाणे माणसांना वागायला लावणं हे दुसरं. पहिलं काम दगडाने हजार वर्षं केलं. दुसरं करणारा माणूस उरला नाही, तेव्हा देवीचं धान्य थांबलं. क्रिप्टोच्या बाजाराची सगळी अडचण मला या दोन कामांच्या मधल्या जागेत दिसते.

आधी माल पाहू. भाच्याचे बरेच विक्रेते पेणच्या बाजूचे आहेत. पेण, हमरापूर, जोहे, कळवे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत जे वाढले, त्यांना नकलेचं दुःख सांगावं लागत नाही. एखादा मूर्तिकार महिनोन्‌महिने खपून मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावरून साचा काढतो. हंगामात त्यातली एक मूर्ती कोणी विकत घेतो, तिच्यावर रबर ओततो, आणि पुढच्या वर्षी तोच गणपती दुसऱ्याच्या कारखान्यातून, दुसऱ्याच्या नावाने, कमी भावात बाहेर पडतो. रबरी साच्याने काम सोपं केलं तसं चोरणंही सोपं केलं. तरी रबर ओतायला हात लागतो, दिवस लागतो, आणि प्रत्येक उतरवणीत थोडी धार मरते. नकलेची नक्कल काढत गेलं की बोटं बोथट होतात, किरीटाची नक्षी सपाट होते. फाईलचं तसं नाही. हजारावी प्रत पहिलीइतकीच धारदार असते.

बिटकॉइनचा खरा शोध इथे समजून घ्यायला हवा. संगणकातलं काहीही नक्कल करता येतं, मग संगणकातलं नाणं एकाच वेळी दोघांना देण्यापासून कसं रोखायचं, हा जुना पेच होता. सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या छोट्या निबंधाने तो सोडवला: सगळ्यांच्या हाती एकच वही, आणि तिच्यात खाडाखोड करायची तर तिथून पुढे झालेलं सगळं गणिताचं काम पुन्हा करावं लागेल अशी रचना. ही बुद्धीची मोठी झेप आहे, मला तिच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. पण तिने नक्कल न होणारा केला तो पैसा. माल होता तसाच राहिला. म्हणजे या बाजारात गिऱ्हाइकाच्या हातात अस्सल नाणं असतं आणि विक्रेत्याच्या हातात अशी वस्तू, जी दिली तरी त्याच्याकडे उरते आणि घेणाऱ्याला पुढे शंभर जणांना वाटता येते.

त्यावर उपाय म्हणून एनएफटी आली. नीट पाहिलं तर ती पावती आहे. फाईल बहुतेक वेळा दुसरीकडेच कुठेतरी ठेवलेली असते, साखळीवर असतो तो तिचा पत्ता. कलाकाराला प्रत्येक पुनर्विक्रीत वाटा मिळेल, तोही आपोआप, असं आश्वासन दिलं गेलं होतं. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये ओपनसी या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एकाने हा वाटा देणं ऐच्छिक करून टाकलं, आणि तो वाटा गणित देत नव्हतं, बाजारवाला देत होता, हे कलाकारांना त्या दिवशी कळलं.

माल दाखवायचा कसा, हा त्याहून नाजूक पेच. रेवदंड्याच्या बाजारात मी सुरमईचा कल्ला वर करून पाहते. लाल दिसला तर भाव करते, नाहीतर पुढच्या टोपलीकडे जाते. कोळीण मला कल्ला पाहू देते, कारण पाहिल्याने मासळी माझी होत नाही. फाईल मात्र पुरती दाखवली की ती दिलीच. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्येच हे मांडून ठेवलंय: माहितीची किंमत घेणाऱ्याला ती कळल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि एकदा कळली की पैसे देण्याचं कारण उरत नाही. भाच्याने सगळ्या बाजूंनी फिरणारी चित्रं दाखवायची सोय केली. तरी आतून जाळी फाटलेली आहे का, छापायला घेतल्यावर मूर्ती उभी राहील का, हे फाईल हाती आल्यावरच कळतं.

मग तक्रार येते. गिऱ्हाईक म्हणतं माल खराब, विक्रेता म्हणतो हा फाईल घेऊन आता पैसे बुडवतोय. साखळीवरचा स्वयंचलित करार पैसे अडकवून ठेवू शकतो, ठरलेली अट पुरी झाली की सोडू शकतो. पण मूर्तीची जाळी फाटली आहे की नाही हे त्याला दिसत नाही, त्याला कोणीतरी सांगावं लागतं. सांगणारा कोण? सातोशीच्या निबंधाची सुरुवातच या मुद्द्याने होते: बँका व्यवहार उलटवतात, कारण त्यांना भांडणं मिटवावी लागतात, आणि त्या मध्यस्थीचा खर्च सगळ्यांवर बसतो. म्हणून न उलटणारा पैसा हवा. गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठी पैसे तारणात ठेवण्याची व्यवस्था सहज करता येईल, असं एका वाक्यात म्हणून निबंध पुढे जातो. माझ्या मते पुढची सगळी वर्षं त्या एका वाक्यात अडकली आहेत.

ओपनबाजार नावाचा एक प्रयोग होता; एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाला, जानेवारी २०२१ मध्ये बंद पडला. मालक नाही, दलाली नाही, पैसे बिटकॉइनमध्ये. तिथेही पैसे तीन किल्ल्यांच्या पेटीत ठेवायची पद्धत होती. एक किल्ली गिऱ्हाइकाची, एक विक्रेत्याची, आणि तिसरी दोघांनी मिळून निवडलेल्या पंचाची. तिघांपैकी दोन किल्ल्या लागल्या की पेटी उघडते. मध्यस्थाला घालवायला निघालेल्या माणसांना पहिल्याच वळणावर त्याच्यासाठी किल्ली करावी लागली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

आमच्या किनाऱ्याला ही गोष्ट जुनी आहे. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा त्वेर शहरातला रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. विकायला त्याने एक घोडा आणला होता. तो जुन्नरला पोचला तेव्हा तिथल्या असदखानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, नाहीतर घोडाही गेला आणि वर हजार मोहरांचा दंड, असं बजावलं. निकितिनचा घोडा खरा होता, मालकी खरी होती, आणि त्या दोन्हींचा काही उपयोग नव्हता. खुरासानचा एक महंमद नावाचा गृहस्थ मध्ये पडला, त्याने शब्द टाकला आणि घोडा सुटला. परक्या मुलखातला बाजार तेव्हाही अशा एखाद्या माणसावर उभा होता.

नाण्यांचंही तेच. वाकवलेल्या चांदीच्या तारेची लारी, होन, पुढे आंग्र्यांचा अलिबागी रुपया. अशी नाना नाणी या किनाऱ्यावर फिरली. सराफ ती पारखायचा, वजन करायचा आणि बट्टा कापून घ्यायचा. आज नावाला बट्टा लागतो म्हणतो तो हाच. बिटकॉइनचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, म्हणून भाच्याने डॉलरला बांधलेलं यूएसडीटी निवडलं. त्याचे रुपये करायला गेलं की भाव पुन्हा डॉलरपेक्षा वेगळा. सराफ पडद्याआड गेला, बट्टा राहिला. दुसरी अडचण शुल्काची. व्हॉल्व कंपनीच्या स्टीम या संगणकीय खेळांच्या दुकानाने २०१६ मध्ये बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली होती आणि २०१७ च्या डिसेंबरात ते बंद केलं. एका व्यवहाराचं शुल्क वीस सेंटांवरून वीस डॉलरवर गेलं होतं. आता स्वस्त साखळ्या आहेत, तो प्रश्न बराच सुटलाय.

कायद्याचा सुटलेला नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवसायापासून दूर राहायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर बसवला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून हस्तांतरावर एक टक्का उद्‌गम कपात सुरू झाली. क्रिप्टो देऊन फाईल घेतली तर कायद्याच्या नजरेत गिऱ्हाइकाने क्रिप्टो विकलं. म्हणजे त्यालाही हिशेब आला.

चौलच्या मुलाने जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला फाईल विकली आणि बँकेत डॉलर किंवा युरो आले, तर ती सेवेची निर्यात ठरते आणि जीएसटीत तिच्यावर शून्य दर लागतो. पण निर्यातीच्या व्याख्येत परिवर्तनीय परकीय चलनात पैसे मिळण्याची अट आहे, आणि यूएसडीटी हे चलन नाही. उलाढाल वीस लाखांच्या आत आहे तोवर हे जाणवत नाही. धंदा वाढला की जाणवतं. त्यातून ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने दुसऱ्यांसाठी क्रिप्टो सांभाळणाऱ्यांना काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखाली आणलं: नोंदणी, गिऱ्हाइकाची ओळख, संशयास्पद व्यवहारांचा अहवाल. तिसरी किल्ली हातात धरली की हे सगळं मागे येऊ शकतं. घरातल्या माळ्यावर बसून काम करणाऱ्या तीन मुलांना ते कसं झेपावं? तरी मी या नियमांना चूक म्हणणार नाही. गेनबिटकॉइनच्या घोटाळ्यात माणसांच्या आयुष्याची पुंजी गेली. मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टोच्या बाजारातून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं, आणि कोणत्याही न्यायालयाची गरज नसलेल्या पैशाचे धनी त्यानंतर महिनोन्‌महिने सिंगापूरच्या न्यायालयाकडे डोळे लावून बसले.

आमच्या घरातही एक झळ बसली. भाच्याने कमावलेलं यूएसडीटी एका अनोळखी माणसाला विकलं, खात्यात अठरा हजार आले. तीन आठवड्यांनी खातं गोठलं. तो पैसा परराज्यातल्या कुठल्याशा फसवणुकीतून फिरत आला होता. अठरा हजारांपायी त्याचं सगळं खातं अडलं, त्यात आईच्या औषधांचे पैसे होते. साखळीवरची नोंद स्वच्छ होती; त्याने ती छापून नेली, कोणी हातात घेतली नाही. शेवटी एका तपास अधिकाऱ्याने शांतपणे बसून ऐकून घेतलं, पत्र दिलं, तेव्हा खातं मोकळं झालं. मला निकितिनचा घोडा आठवला.

मध्यस्थ गोड असतो असं मात्र मी म्हणणार नाही. होडीला आगाऊ पैसे देऊन मासळीचा भाव आपल्या हाती ठेवणारा व्यापारी मी लहानपणापासून पाहिलाय. परदेशी मंच एका ईमेलवर खातं बंद करतात आणि दाद कुठे मागायची ते सांगत नाहीत. नायजेरियातल्या लागोस शहरातल्या एका विद्यार्थ्याला भाच्याची कमान हवी होती, त्याचं कार्ड चालेना. त्याच्यासाठी क्रिप्टो हा एकच रस्ता होता. अशा माणसासाठी हा रस्ता उघडा राहायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

आता भाच्याने घडी बदलली आहे. बहुतेक पैसे बँकेतूनच येतात, क्रिप्टो ज्याला दुसरा मार्ग नाही त्याच्यापुरतं. आणि पंच म्हणून त्याने जोह्याचे एक वयस्क मूर्तिकार गाठलेत. त्यांना संगणक चालवता येत नाही. भाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन कारखान्यात बसतो, चहूकडे कच्च्या मूर्तींच्या रांगा, आणि ते सांगतील तशी पडद्यावरची मूर्ती फिरवतो. मागच्या महिन्यात मी सोबत होते. एका विक्रेत्याने स्वतःची म्हणून टाकलेली मूर्ती होती. काकांनी ती डावीकडे वळवायला सांगितली, मग वरद हात मोठा करायला सांगितला. अंगठ्याच्या मुळाशी एक बारीकशी घडी होती.

"ही माझी चूक आहे," ते म्हणाले. "साचा काढताना राहिली. दहा-बारा वर्षं झाली असतील."

भाच्याने विचारलं, फाईल काढून टाकू का? काका बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले.

"बाकीचं काम चांगलं आहे रे पोराचं. पितांबर त्याने स्वतः केलाय, माझा असा नव्हता. त्याचा फोन नंबर आहे का तुझ्याकडे?"