भरलेलें घर आणि पानांचा मांडव

शास्त्रपाठ: लेवीय २३:३३-४३, लूक १२:१३-२१



पाळकाची बदली झाली म्हणजे मंडळींतील चार तरुण सामान भरावयास येतात, हा आपल्याकडील जुना प्रघात आहे. आमच्या पहिल्या बदलीच्या वेळीं त्या तरुणांस फारसें काम पडलें नाहीं. एक लोखंडी ट्रंक, दोन वळकट्या, स्वयंपाकाचीं भांडीं आणि पुस्तकांची एक पेटी, एवढें सर्व लहानशा टेंपोच्या कोपऱ्यांत मावलें, आणि उरलेल्या जागेंत आम्ही सहकुटुंब बसलों. तीन वर्षांपूर्वीं झालेल्या बदलीस मात्र मालट्रक करावा लागला. नव्या गांवीं उतरल्यावर घरांत जागा पुरेना, म्हणून अकरा बोचकीं ओसरीवर भिंतीला लावून ठेविलीं. चार दिवसांत सोडूं, असें आम्ही म्हणालों.

ती ओसरी प्रशस्त आहे. पुढें अंगण, अंगणांत एक जुना लिंब, आणि लिंबाच्या पलीकडे उघडें शिवार. पूर्वींच्या पाळकांच्या वेळीं दिवस मावळल्यावर लोक तेथें येऊन बसत. कोणी पाण्यापावसाचें बोले, कोणी घरचें दुःख सांगे, आणि बोलतां बोलतां कित्येकदां तेथेंच प्रार्थना होई. आमच्याकडेहि पहिल्या महिन्यांत लोक आले. पण बोचक्यांमुळें दोघांपुरतीच जागा उरली होती. तिसरा आला कीं पहिला उठून जाई. हळूहळू कोणीच येईनासें झालें. लोकांस आतां टेलिव्हिजनचा व मोबाइलचा नाद लागला आहे, अशी आम्हीं समजूत करून घेतली आणि त्या विषयावर एक उपदेशहि केला. तो उपदेश आठवला म्हणजे आज आम्हांस लाज वाटते.

नित्य येणाऱ्यांपैकीं एक वृद्ध शेतकरी होते. एके दिवशीं ते वाटेंत भेटले, तेव्हां आम्हीं विचारलें, “बाबा, आतां संध्याकाळीं येत नाहीं तुम्ही?”

ते म्हणाले, “पाळकसाहेब, तुमच्या ओसरीवर आता सामान बसलंय. माणसानं बसावं कुठं?”

त्यांनीं हें हंसतच म्हटलें, आणि आम्हीहि हंसलों. पण घरीं पोहोंचेपर्यंत तें हंसूं टिकलें नाहीं.

त्या आठवड्यांत आमच्या नित्य वाचनांत लेवीयाचा तेविसावा अध्याय होता. त्यांत मांडवांच्या सणाची आज्ञा आहे. सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवसापासून सात दिवस इस्राएलांतील प्रत्येकानें आपलें घर सोडून मांडवांत राहावें. खजुरीच्या झावळ्या, दाट पानांच्या झाडांच्या फांद्या आणि ओहळावरील वाळुंज आणून परमेश्वरासमोर आनंद करावा. ही आज्ञा आम्हीं पूर्वीं अनेकदां वाचली होती, परंतु तिची वेळ कोणती हें कधीं नीट पाहिलें नव्हतें. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायांत ती स्पष्ट दिली आहे: खळ्याचें व द्राक्षकुंडाचें उत्पन्न सांठवून झाल्यावर. वाचकहो, दुष्काळाच्या वर्षीं घराबाहेर निजावयास कोणास आज्ञा करावी लागत नाहीं. तें दैवच करावयास लावतें. परमेश्वराची आज्ञा आहे ती कणग्या भरल्यावर. घरांत पाय ठेवावयास जागा उरली नाहीं, त्याच वेळीं तो म्हणतो कीं बाहेर या.

आणि बाहेर येऊन बांधावयाचें तरी काय? यहूदी लोक आजहि हा मांडव घालतात, आणि त्याचें आच्छादन झाडापाल्याचेंच असावें व रात्रीं त्यांतून तारे दिसावे, अशी त्यांची रीत आहे. कोंकणांतील व मुंबईंतील आमचे मराठी बोलणारे बेने इस्राएल बंधु, ज्यांतील पुष्कळ लोक १९४८ नंतर इस्राएल देशास गेले, तेहि आपल्या सभास्थानाच्या अंगणांत असा मांडव घालतात. ज्या छपरांतून आकाश दिसतें त्याखालीं धान्याचीं पोतीं रचतां येत नाहींत, आणि ज्या भिंती पानांच्या आहेत त्यांस कुलूप घालतां येत नाहीं. त्या सात दिवसांत मनुष्याजवळ राहतें तें एवढेंच: अंगावरचें वस्त्र, ताटांतली भाकर, शेजारचा मनुष्य, आणि वरचें आकाश.

नहेम्याच्या आठव्या अध्यायांतील हकीकत तर फारच मनोवेधक आहे. बाबेलच्या बंदिवासांतून परत आलेल्या लोकांनीं यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत पुरा केला. वेशींस कवाडें लागलीं. इतक्या वर्षांनीं एकदाचें नगर सुरक्षित झालें, तोंच एज्रा शास्त्र्यानें नियमशास्त्र वाचून दाखविलें, आणि त्यांत काय निघावें? मांडवांत राहण्याची आज्ञा. लोक डोंगरावर जाऊन फांद्या घेऊन आले. कोणीं धाब्यावर, कोणीं अंगणांत, कोणीं देवाच्या घराच्या चौकांत मांडव घातले, आणि फार मोठा आनंद झाला, असें पवित्र लेखक सांगतो. कोट पुरा झाल्याचा आनंदहि त्यांनीं केला आहे; पण तो पुढें, बाराव्या अध्यायांत. पानांच्या मांडवाचा आनंद आधीं आला.

आतां त्याच हंगामांतला दुसरा मनुष्य पाहा. लूकाच्या बाराव्या अध्यायांतील त्या श्रीमंताचेंहि पीक घरांत येत होतें. हा दृष्टांत प्रभूनें कां सांगितला? तर वडिलार्जित मिळकतीची वांटणी करून द्या, असें एक भाऊ म्हणत आला म्हणून. आपल्या तालुक्याच्या कोर्टांत रोज दिसणाराच हा खटला. त्या श्रीमंतानें चोरी केली किंवा कोणाची मजुरी बुडविली, असें प्रभु म्हणत नाहीं. जमीन चांगली पिकली, एवढेंच म्हणतो. तेव्हां त्यानें कोठारें मोडून मोठीं बांधण्याचा बेत केला. त्याच्या त्या लहानशा भाषणांत ‘मी’ आणि ‘माझें’ याशिवाय दुसऱ्या कोणाचें नांव नाहीं. बायको नाहीं, मुलें नाहींत, गडी नाहीं, शेजारी नाहीं. बोलतो तोहि आपल्याच जिवाशीं. उलट, मांडवांच्या सणास कोणाकोणास बोलवावें याची यादीच मोशे देतो: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरा, पोरका, विधवा. एकाच हंगामांत एकानें कोठार मोठें केलें, तर दुसऱ्यानें मांडव घालून माणसें बोलाविलीं. आमचीं अकरा बोचकीं कोणत्या बाजूस पडतात, हें कळावयास भाष्यग्रंथ उघडावा लागला नाहीं.

तेव्हां एका शनिवारीं आम्ही बोचकीं सोडूं लागलों. त्यांत निघालेल्या वस्तु येथें सांगण्याचा संकोच वाटतो, पण सांगतों. लग्नांत व निरोपसमारंभांत मिळालेलीं भिंतीवरचीं सहा घड्याळें. खोक्यांतून कधीं न काढलेले कांचेच्या पेल्यांचे तीन संच. झांकणें नसलेले प्लास्टिकचे डबे आणि डबे नसलेलीं झांकणें. बंद पडलेले दोन मोबाइल व त्यांच्या तारा. हें सर्व आम्हीं विकत घेतलें असें नाहीं. पुष्कळसें प्रेमानें मिळालेलें होतें, आणि प्रेमानें मिळालेली वस्तु टाकावी कशी, या विचारानेंच घरें भरतात. परंतु देणाऱ्याचें प्रेम बोचक्यांत बांधून राहत नाहीं. ज्या माउलीनें आम्हांस घड्याळ दिलें, तिचें नांव आम्हांस पाठ आहे. तिचें घड्याळ मात्र कोणतें, तें सांगतां येईना.

आठव्या बोचक्यांत सात घोंगड्या निघाल्या. पाहुण्यांसाठीं म्हणून निगुतीनें ठेविलेल्या, चांगल्या लोंकरीच्या. उलगडून पाहतों तों पांच घोंगड्यांस कसर लागून त्यांची चाळण झालेली. मत्तयाच्या सहाव्या अध्यायांतील कसर आणि जंग यांवर आम्ही किती वेळां बोललों असूं, त्याची गणती नाहीं. पण कसर कशी दिसते, हें त्या दिवशीं हातांत घेऊन पाहिलें. मागच्या थंडींत आमच्याच मंडळींतील एक विधवा शेकोटीपाशीं बसून रात्र काढीत होती, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं तिच्यासाठीं प्रार्थना केली होती. घोंगड्या तेव्हां ओसरीवर होत्या.

उरलेल्या दोहोंपैकीं एक तिला दिली. दुसरी घेऊन गांवाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या, तिकडे गेलों. दसरा-दिवाळीनंतर हीं माणसें आपलीं घरें सोडून येतात आणि बांबू, पाचट व प्लास्टिकचा कागद यांच्या कोपींत पांच-सहा महिने काढतात. तेथील एका बाईनें कोपीच्या तोंडाशीं पोतें झटकून अंथरलें आणि आम्हांस बसविलें. तीन दगडांच्या चुलीवर कोरा चहा केला. आंत उभें राहण्यापुरतीहि उंची नव्हती. पण आलेल्यास बसावयास जागा होती. आमच्या पक्क्या घरांत ती नव्हती.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीं तर आमचें बोलणें पोट भरलेल्याचें बोलणें ठरेल. ती बाई उघड्यावर राहते, तो तिचा सण नव्हे. तिच्या लेंकरास थंडी वाजते, शाळा बुडते, रात्रीं सापाकिरड्याचें भय असतें. अशा मनुष्यास साधेपणाचा उपदेश करणें हें पाप आहे, आणि तसा उपदेश या लेखांत कोणीं शोधूं नये. इस्राएलानें मांडवांत राहावें तें कशासाठीं? तुमच्या पूर्वजांस मिसरांतून काढून आणलें तेव्हां मीं त्यांस मांडवांत राहावयास लाविलें, याची पुढील पिढ्यांस आठवण राहावी, असें परमेश्वरच कारण देतो. त्या रानांत दर माणशीं एक ओमर मान्ना मिळे; पुष्कळ गोळा करणाऱ्यास अधिक उरलें नाहीं, आणि लोभानें सकाळपर्यंत ठेविलेल्यांत किडे पडले. ज्याच्या घरास आज छप्पर आहे, त्यानें वर्षांतून सात दिवस तरी छपरावांचून राहून पाहावें, म्हणजे कोपींतल्याची त्यास ओळख राहील.

कोणी म्हणेल, सर्वच टाकून निघावें काय? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्याशाच्या वृत्तीनें ते साताऱ्यास राहिले. फुलांवर व मुलांवर लिहिणाऱ्या त्या कवीस तें शोभलें. सर्वांस तें पाचारण नाहीं. आम्हांस तर नाहींच. परंतु ओसरी मोकळी करणें हें कोणासहि साधण्यासारखें आहे.

आपण तर खेड्यांतलीं माणसें. जोंधळ्याच्या राखणीस माळ्यावर कोण निजलें नाहीं? हुरड्याच्या दिवसांत आगटीभोंवतीं बसून भाजलेलीं कणसें हातावर चोळून खातांना घरांतल्या कपाटाची आठवण कोणास होते? इसहाक संध्याकाळीं ध्यान करावयास शेतांत गेला होता, असें उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायांत आहे. तो वाड्याच्या माडीवर बसला नव्हता. आमच्या मंडळींत आतां असें ठरलें आहे कीं यंदाची पिकाची उपकारस्तुति मंदिरांत न करतां शेतांत, कडब्याच्या मांडवाखालीं करावयाची. आणि ज्यांस वस्तु आणावयाच्या असतील त्यांनीं घरांत पडून राहिलेली पण चांगली वस्तु आणावी, नवी विकत घेऊं नये. आमच्या घड्याळांपैकीं जीं चालतात तीं चार आम्ही नेणार आहों. भजनमंडळींतील तरुणांनीं त्यांवरून आमची पुरेशी थट्टा केली आहे.

ओसरी मोकळी झाली त्या दिवशीं वृद्ध बाबा कोणीं न बोलावितां आले. बोचक्यांविषयीं त्यांनीं चकार शब्द काढला नाहीं. भिंतीला पाठ टेकून बसले, पाणी मागून प्याले, आणि लिंबाच्या शेंड्यावर आलेलें तिकांडें आमच्या लहान मुलास दाखवूं लागले. त्याच्या जरा वर कृत्तिकांचा पुंजका होता. ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायांत या दोहोंचीं नांवें एकत्र आहेत, हें आम्हीं सेमिनरींत पाठ केलें होतें. परंतु आकाशांत तीं कोठें शोधावींत हें आम्हांस त्या रात्रीं, त्या अक्षरशत्रु मनुष्यानें दाखविलें. मूल तेथेंच निजलें. आम्हीहि ओसरीवर पथारी टाकली.

दोन बोचकीं अद्याप आंतल्या खोलींत आहेत. त्यांत काय आहे, हें घरांत कोणासच आठवत नाहीं.