तळपायाची आग

जेवणं उरकली, अंथरुणं पडली, घर झोपलं. कोरेगावात किंवा आसपासच्या एखाद्या वाडीत कुणीतरी मात्र अजून पाय चादरीबाहेर काढून जागं आहे. हे त्यांच्यासाठी.

पाठ भिंतीला टेकवा. पाय मोकळे सोडा. श्वास आपल्या चालीनं येऊ-जाऊ द्या. आता लक्ष कमरेतून मांडीत, पोटरीत, घोट्यात सावकाश उतरू द्या आणि तळपायाशी थांबा.

आग आहे. मुंग्या आहेत. मधूनच करंट बसतो. हात लावून बघा: कातडी भाजलेली नाही, सूज नाही. घरच्यांना पटत नाही ते यामुळेच, आणि एवढ्या रात्री त्यांना पटवण्याचं ओझंही खाली ठेवा. दुखणं खरं आहे. पायाची बातमी वर नेणारी नसच दुखावली आहे.

विहिरीवरच्या मोटारीची वायर आठवा. आवरण झिजलं की वीज भलतीकडे उतरते. नसेलाही मायेलिनचं आवरण असतं आणि ते राखायला शरीराला बी-12 जीवनसत्त्व लागतं. आपल्या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण घेवड्यात काय किंवा कुठल्याही डाळीत काय, बी-12 नसतं. ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून येतं. माळकरी घरात दूध पुष्कळदा चहापुरतंच उरतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडवस्तीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या 441 पुरुषांचं रक्त तपासलं. 2006 साली छापलेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-12 कमी निघालं. साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकतं. पाय जळायला लागले की आपण म्हणतो, साखरेचंच आहे. बहुधा असतंही. पण कुणाकुणाच्या बाबतीत त्यामागे ही दुसरी उणीवही असते, आणि ती इंजेक्शनांनी किंवा गोळ्यांनी भरून काढता येते. इतक्या साध्या उपायानं आग उतरू शकते, हे अजून किती घरांत पोचलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पुन्हा पायाकडे या. तळहात पोटरीवर ठेवा आणि सावकाश खाली न्या. सहन होईल तेवढाच दाब. हलक्या स्पर्शानंही आग वाढत असेल तर हात मांडीवरच असू द्या. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलं की स्पर्शाची बातमी मज्जारज्जूत दुखण्याच्या बातमीची वाट अडवू शकते. त्यांच्या मांडणीत पुढे दुरुस्त्या झाल्या, तरी दुखऱ्या जागेवर आपोआप जाणारा आपला हात उगाच जात नाही. हात फिरू द्या. श्वास लांबला तर लांबू द्या.

घाई मात्र नको. तुटलेली नस पुन्हा वाढते तेव्हा दिवसाला साधारण 1 मिलिमीटर पुढे सरकते. आवरण भरून यायलाही महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर सगळं भरून येतंच असं नाही. म्हणून उद्याच दवाखान्यात जा. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, मनानं एकही बंद करू नका, आणि विचारा: "डॉक्टर, माझं बी-12 तपासायचं का?"